मागणे आणि मिंधेपणा

स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसाला आपण स्वावलंबी म्हणतो, आणि ते योग्यच आहे. नारळी-पोफळीची वाडी राखणारा बागाईतदार, होडी घेऊन समुद्रावर जाणारा कोळी, ओटीवर शिवणयंत्र मांडून बसलेला शिंपी, घरी पापड-कुरडया करून विकणारी बाई, यांच्या डोक्यावर साहेब नसतो. पण साहेब नसतो तसा सोबतीही नसतो. नोकरदाराचे अडले तर तो शेजारच्या टेबलावर विचारतो. ते विचारणे त्याच्या कामाचाच भाग असते. स्वतंत्र धंदेवाल्याचे अडले म्हणजे मात्र त्याला दुसऱ्याच्या दारी जावे लागते, आणि तेथे त्याचा पाय अडखळतो. हिशेब जमत नाही, यंत्र नीट चालत नाही, भांडवल अपुरे पडते. पण तोंडातून शब्द निघत नाही. कित्येक चांगले धंदे तोट्याने नव्हे, तर अशा मुकेपणाने बुडतात.

हा संकोच तीन गोष्टींचा बनलेला असतो. आपले अज्ञान उघडे पडेल ही पहिली भीती. नकार मिळेल ही दुसरी. तिसरी आणि सर्वांत जड म्हणजे मिंधेपणाची. आज मागितले तर जन्मभर त्याच्यापुढे मान खाली घालावी लागेल, असे माणसाला वाटते. मागणारा तो याचक, हा संस्कार आपल्या मनात खोल रुजलेला आहे.

पण याच कोंकणात सावडीचीही रीत आहे, तिच्याकडे लक्ष द्यावे. भाताची लावणी थोड्या दिवसांत उरकावी लागते आणि एका घराच्या हातांनी ती उरकत नाही. म्हणून आज तुम्ही आमच्या शेतात या, उद्या आम्ही तुमच्या शेतात येतो, असे ठरते. येथे दुसऱ्याला हाक मारणाऱ्याला कोणी याचक म्हणत नाही. असे का? काम ठरलेले असते, दिवस ठरलेला असतो आणि परतफेडही ठरलेली असते. यावरून आम्हांस असे दिसते की, माणूस मागण्याने मिंधा होत नाही. मोघम मागण्याने होतो. 'आमचे तेवढे बघा हो' या मागण्याला सीमा नसते, म्हणून उपकारालाही सीमा राहत नाही. मोजून मागितले की उपकारही मोजता येतो आणि फेडताही येतो.

आपल्या रेवदंड्यात ज्याचे स्मारक उभे आहे, त्या अफनासी निकितिनचीच गोष्ट घ्या. त्वेर नगरीचा हा रशियन व्यापारी 1469 च्या सुमारास चौल बंदरात उतरला. विकण्यासाठी त्याने एक घोडा समुद्रावरून आणला होता. तेच त्याचे भांडवल. जुन्नरला असदखानाने तो घोडा हिरावून घेतला. धर्म बदललास तर घोडा देतो आणि वर हजार मोहरा देतो. नाहीतर घोडा तर गेलाच, शिवाय हजार मोहरा तुझ्याकडून घेईन, असे सांगून त्याने चार दिवसांची मुदत दिली. परक्या मुलखात एकटा पडलेला हा माणूस स्वाभिमानाने गप्प बसला असता तर सर्वस्व गमावून बसता. मुदत सरत आली असता खोरासानचा ख्वाजा महंमद तेथे आला. निकितिनने त्याला एकच विनंती केली की, खानाकडे माझ्यासाठी रदबदली करा. ख्वाजा खानाकडे गेला आणि घोडा परत मिळाला. ज्याचा शब्द खान मानील अशा माणसाकडे नेमकी एकच गोष्ट मागितली गेली. निकितिनने ती हकीकत आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवली, म्हणून साडेपाचशे वर्षांनंतरही आपल्याला त्या ख्वाजाचे नाव ठाऊक आहे. ऋण असेही फेडता येते.

अज्ञान उघडे पडण्याची भीती दादासाहेब फाळके यांनी कशी जिंकली, तेही पाहण्यासारखे आहे. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते 1912 साली लंडनला गेले. तेथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाची पाटी दिसताच ते सरळ आत शिरले आणि संपादक कॅबोर्न यांना आपला हेतू सांगितला. कॅबोर्न यांनी प्रथम त्यांना परावृत्तच केले. परंतु गृहस्थाची तळमळ पाहून त्यांनी त्यांची सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली, आणि हेपवर्थ यांनी आपला चित्रपटाचा कारखाना त्यांना दाखविला. परत आल्यावर पैसा हवा होता. दादासाहेबांनी नुसते शब्द खर्चिले नाहीत. वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखविणारे एक छोटे चित्र घेतले आणि ते निवडक मंडळींना दाखविले. मग कर्ज देणारे पुढे आले. घरात सरस्वतीबाईंनी फिल्मला छिद्रे पाडण्यापासून सगळ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत भार उचलला. 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला, तो अशा अनेकांच्या हातांनी.

आता नकाराविषयी. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यापूर्वी डोक्यावर प्लास्टिकचे छप्पर घालण्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे होते. रक्कम लहान म्हणून बँकांनी तिला दारात उभे केले नाही. तिने ते चेतना सिन्हा यांना सांगितले, आणि त्यातून स्त्रियांचीच बँक काढण्याचा विचार निघाला. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. अर्जावर अंगठे होते, सह्या नव्हत्या. त्या बाया लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा हिशेब आम्ही यंत्राशिवाय करतो, तुमचे अधिकारी यंत्रावर करोत, असे म्हणाल्या. 1997 साली माणदेशी महिला बँकेला परवाना मिळाला. नकारात काय उणे आहे याची माहिती दडलेली असते. ती विचारून घेतली की नकारही मदतच ठरतो.

तेव्हा ज्याला मागणे जड जाते त्याने आधी कागदावर चार गोष्टी लिहाव्या: काय हवे, किती हवे, केव्हापर्यंत हवे आणि आपण त्याबदली काय देऊ शकतो. मग ती गोष्ट खरोखर कोणाच्या हातात आहे ते पाहावे. आपण आजवर काय केले ते बरोबर न्यावे. समोरच्याला 'नाही' म्हणायला मोकळीक ठेवावी, आणि मुख्य म्हणजे वेळेवर जावे. होडीत गुडघाभर पाणी आल्यावर मारलेल्या हाकेचा उपयोग थोडा.

ज्याने कधीच कोणाला आपल्या शेतात बोलाविले नाही, त्याला लोकही आपल्या शेतात बोलावीत नाहीत. मदत न मागणारा माणूस दुसऱ्यांच्या मागण्यालाही मुकतो, आणि मग त्याचे स्वावलंबन म्हणजे नुसता एकटेपणा होऊन बसतो. तो टाळावयाचा तर कोणीतरी पहिली हाक मारली पाहिजे. ज्याचे काम अडले आहे, त्यानेच ती मारावी.