गाभ्याची कसोटी

घरांतील टेलिफोन, कचेरींतील संगणक, बँकेचे हिशेब सांभाळणारीं दूरचीं यंत्रें, या सर्वांच्या पोटांत एक अशी आज्ञावली अहोरात्र जागी असते कीं, तिचें नांवही बहुतेकांच्या कानीं पडलेलें नसतें. पडद्यावर जें दिसतें, बोटानें जें उघडतें व मिटतें, तें सारें इतर आज्ञावलींचें काम; पण त्या सर्वांना आश्रय देणारी ही एकच. कोणाला किती वेळ यंत्र वापरूं द्यावयाचें, स्मृतींतील कोणती जागा कोणाच्या स्वाधीन करावयाची, तारेवरून आलेला निरोप कोणापर्यंत पोंचवावयाचा, हें सर्व तीच ठरविते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या या अंतर्भागाला कर्नेल असें नांव आहे. मराठींत त्याला गाभा म्हणणें सोईचें होईल.

फार मोठा प्रसार पावलेल्या गाभ्यांपैकीं एक म्हणजे लिनक्स होय. १९९१ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठांत शिकत असलेल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें त्यास आरंभ केला. अँड्रॉइड पद्धतीचे मोबाईल फोन आज त्याच्यावरच चालतात. आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगांतील अत्यंत वेगवान म्हणून नोंदलेलीं पांचशें यंत्रें एकजात लिनक्सवरच चालत आलेलीं आहेत. तेव्हां या गाभ्यांत एखादा दोष राहिला तर तो कोठवर पोंचेल, याची कल्पना सहज येईल.

साध्या आज्ञावलींतील दोष आणि गाभ्यांतील दोष यांत फरक आहे. चाळींतील एका बिऱ्हाडाचा नळ फुटला तर त्या बिऱ्हाडाची गैरसोय होते. पण इमारतीचा पायाच खचला तर कोणाचेंच बिऱ्हाड सुरक्षित राहत नाहीं. पत्र लिहिण्याची आज्ञावली कोसळली तर गाभा तिला एकटीला बाहेर काढतो व बाकीचें काम चालूं ठेवतो. गाभा स्वतः चुकला तर त्याला आवरणारा कोणी नसतो, कारण यंत्रांतील सर्व अधिकार त्याच्याच हातीं असतात. असा दोष कधीं यंत्र बंद पाडतो, कधीं गुपचुप आंकडे बिघडवितो, तर कधीं चोराला दार उघडें करून देतो.

यांतील तिसऱ्या प्रकारचें एक उदाहरण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. दोन आज्ञावलींना एकच मजकूर वाचावयाचा असेल तर गाभा त्याच्या दोन प्रती करीत नाहीं. दोघींना एकच प्रत दाखवितो, आणि एखादी त्यांत लिहूं लागली म्हणजेच तिला स्वतंत्र प्रत करून देतो. काटकसरीची ही युक्ति उत्तम. परंतु प्रत करून देणें आणि तीवर लिहिणें या दोन क्रियांच्या मधल्या निमिषांत कोणी ती प्रत काढून घेतली, तर लेखणी मूळ मजकुरावरच चालत असे. ज्याला केवळ वाचण्याची मुभा होती, तो अशा रीतीनें मालकाच्या वहींत लिहूं शके. हा दोष टोरवाल्ड्स यांच्या दृष्टीस पूर्वीं एकदां आला होता व २००५ सालीं त्यांनीं केलेली दुरुस्ती दुसऱ्या अडचणींमुळें मागें घ्यावी लागली होती. पुढें २००७ पासूनच्या आवृत्त्यांतून तो जगभर पसरला आणि २०१६ च्या ऑक्टोबरांत नाहींसा करण्यांत आला. ‘डर्टी काऊ’ या नांवानें तो ओळखला जातो. हजारों जाणत्या माणसांच्या डोळ्यांखालून गेलेल्या लिखाणांत तो नऊ वर्षें दडून राहिला. नुसत्या वाचनानें गाभा निर्दोष ठरत नाहीं, हें यावरून उघड होतें.

मग उपाय काय? गाभ्यालाच स्वतःवर पहारा ठेवावयास लावणें, हा एक मोठा उपाय होय. आणि तो योजावयाचा कीं नाहीं, हें गाभा घडवितांनाच ठरवावें लागतें. लिनक्सचें मूळ लिखाण तीन कोटींहून अधिक ओळींचें आहे. तें सगळेंच्या सगळें कोणत्याही एका यंत्रांत घातलें जात नाहीं. घडविणाऱ्यापुढें दहा हजारांहून अधिक प्रश्नांची एक यादी असते. हा भाग हवा कीं नको, या प्रत्येक प्रश्नाचें उत्तर ‘होय’, ‘नाहीं’, किंवा जेथें शक्य असेल तेथें ‘लागेल तेव्हां जोडावयाचा सुटा भाग म्हणून’, असें द्यावयाचें असतें. एक उत्तर दिलें कीं त्यावर अवलंबून असलेलीं दुसरीं उत्तरें आपोआप ठरतात. सर्व उत्तरें ‘डॉट कॉन्फिग’ नांवाच्या एका साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलीं जातात व त्याबरहुकूम गाभा तयार होतो. बहुतेक प्रश्नांचीं उत्तरें आधींच सुचविलेलीं असल्यामुळें घडविणाऱ्याला थोडींच बदलावीं लागतात. या यादींत ‘कर्नेल हॅकिंग’ या मथळ्याखालीं पहाऱ्याचे व परीक्षेचे बहुतेक सारे पर्याय एकत्र केलेले आहेत.

त्यांतील पहिला वर्ग साक्षीचा. गाभा अडखळला म्हणजे पडण्यापूर्वीं तो आपली अखेरची जबानी लिहून ठेवतो. परंतु ती नुसत्या आंकड्यांची असली तर कोणासच कळत नाहीं. ‘कॅलसिम्स’ हा पर्याय स्वीकारला असेल तर आंकड्यांच्या जागीं त्या त्या आज्ञासमूहांचीं नांवें येतात, आणि ‘डीबग इन्फो’ स्वीकारला असेल तर मूळ लिखाणांतील फाइल व ओळ हुडकून काढतां येते. यानें तबकडीवर जागा पुष्कळ अडते, पण यंत्राची चाल फारशी मंदावत नाहीं. यासाठीं परीक्षा करणारानें हे पर्याय सर्वांआधीं घ्यावे.

दुसरा वर्ग स्मृतीच्या रखवालीचा. परत केलेली जागा पुन्हां वापरणें, किंवा दिलेल्या जागेची हद्द ओलांडून शेजारीं लिहिणें, हे गाभ्यांतील नेहमींचे अपराध होत. भाड्याची खोली सोडल्यावरही किल्ली जवळ ठेवून भाडेकऱ्यानें आंत जावें, तसा हा प्रकार. खोली रिकामी असेतों कोणाला पत्ता लागत नाहीं. दुसरें बिऱ्हाड आलें कीं घोटाळा होतो, आणि तोही भलत्याच्याच नांवावर मांडला जातो. ‘स्लब डीबग’ या व्यवस्थेंत परत आलेली जागा एका ठरीव खुणेनें भरून ठेवतात. यंत्राच्या षोडशमान लिपींत ही खूण ६बी अशी लिहितात. जागा पुन्हां देतांना खूण पुसलेली आढळली, तर मधल्या काळांत कोणी तरी आंत शिरला होता हें सिद्ध होतें. जबानींत ६बी ६बी अशी रांग दिसली कीं, सोडलेल्या खोलींत कोणी डोकावला होता हें अनुभवी माणूस तत्काळ ताडतो.

याहून कडक पहारा २०१५ सालीं लिनक्सच्या चौथ्या आवृत्तीबरोबर आला. त्याला ‘केसॅन’ म्हणतात. यांत स्मृतीच्या दर आठ बाइटांमागें एक बाइट नोंदवहीसाठीं राखून ठेवतात. त्या नोंदींत शून्य असेल तर आठही बाइट वापरण्यास खुले. एक ते सात यांपैकीं अंक असेल तर आरंभींचे तेवढेच खुले. आणि ऋण अंक असेल तर सारेच बंद. प्रत्येक वाचनापूर्वीं व लेखनापूर्वीं ही नोंद तपासण्याची आज्ञा गाभा घडवितांनाच जागोजाग पेरलेली असते. खुणेच्या पद्धतींत चोरी मागाहून कळते. येथें चोर हात घालतांनाच पकडला जातो. जागा कोणी घेतली, कोणी सोडली व आतां कोण शिरत आहे, या तिन्ही गोष्टी अहवालांत येतात.

तिसरा वर्ग कुलपांचा. आजच्या यंत्रांत अनेक हात एकाच वेळीं काम करतात. एकाच वहींत दोघांनीं एकदम लिहूं नये म्हणून गाभ्यांत ठिकठिकाणीं कुलपें योजलेलीं असतात. आतां एका पेढींत दोन गुमास्ते आहेत अशी कल्पना करावी. पहिल्यानें तिजोरीची किल्ली घेतली आहे व तो कपाटाच्या किल्लीची वाट पाहत आहे. दुसऱ्यानें कपाटाची घेतली आहे व तो तिजोरीच्या किल्लीची वाट पाहत आहे. दोघेही आपल्या जागीं बरोबर, पण पेढी मात्र कायमची ठप्प! असा योग वर्षांतून एखादे वेळींच येतो, म्हणून तो परीक्षेंत सांपडत नाहीं. २००६ सालीं इंगो मोल्नार यांनीं ‘लॉकडेप’ ही व्यवस्था गाभ्यांत आणली. ती प्रत्यक्ष कोंडीची वाट पाहत बसत नाहीं. कोणतें कुलूप कोणत्या कुलपानंतर घेतलें, एवढा क्रम ती टिपून ठेवते. सकाळीं एकानें तिजोरीनंतर कपाट उघडलें आणि संध्याकाळीं दुसऱ्यानें कपाटानंतर तिजोरी उघडली, तर कोंडी झालेली नसतांही हा क्रम उद्यां घात करील, असा इशारा ती देते. ‘प्रूव्ह लॉकिंग’ हा पर्याय स्वीकारला म्हणजे ही व्यवस्था चालूं होते. तिच्याच जोडीला आणखी एक पर्याय आहे. ज्या क्षणीं गाभ्यास विसावा घेण्याची मुळींच मुभा नसते, अशा क्षणीं कोणी झोंपी जाऊं लागला तर तो त्यास पकडतो.

इतके पहारेकरी उपलब्ध असतां ते सर्वत्र कां नेमीत नाहींत, असा प्रश्न सहजच उद्भवतो. त्याचें उत्तर पहाऱ्याच्या खर्चांत आहे. केसॅनच्या नोंदवहीसाठीं स्मृतीचा आठवा हिस्सा जातो, आणि यंत्राची चाल दीडपट ते तिप्पट मंद होते. फोनची बॅटरी दुपारींच संपलेली कोणत्याही घराला आवडणार नाहीं. दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. पहाऱ्यामुळें गाभ्याची लय बदलते. दोन क्रियांमधील अंतर वाढतें किंवा घटतें, आणि ज्या निमिषावर दोष अवलंबून होता तें निमिषच चुकतें. जो दोष रोज छळीत होता तो पहारा बसवितांच नाहींसा होतो, आणि पहारा काढला कीं पुन्हां हजर! शिवाय कांहीं पहारेकरी एकमेकांजवळ नांदत नाहींत. दोन हात एकाच जागीं कुलुपाविना पडत आहेत काय, हें पाहणारा ‘केसीसॅन’ २०२० सालीं आला. तो आणि केसॅन एकाच गाभ्यांत घालतां येत नाहींत. म्हणून कसोशीनें परीक्षा करणारे एकाच लिखाणापासून वेगवेगळ्या पर्यायांचे अनेक गाभे घडवितात व प्रत्येकास वेगळी कसोटी लावतात.

या खर्चावर एक तोड २०२१ सालीं निघाली. ‘केफेन्स’ नांवाचा पहारेकरी प्रत्येक जागेवर नजर ठेवीत नाहीं. ठराविक काळानें, सामान्यतः सेकंदाच्या दहाव्या हिश्शानें, तो वांटल्या जाणाऱ्या जागांपैकीं एखादीच निवडून तिच्या लगत निषिद्ध पट्टी आंखून ठेवतो. एका यंत्रावर त्याला दोष सांपडेल याची खात्री नाहीं. पण यंत्रें लाखों असलीं तर कोठें ना कोठें तो सांपडतोच. चाल फारशी मंदावत नसल्यामुळें हा पहारा रोजच्या वापराच्या यंत्रांतही ठेवतां येतो.

तथापि पहारेकरी कितीही दक्ष असला तरी ज्या दालनांत कोणी जातच नाहीं तेथील चोरी तो कशी पकडणार? म्हणून पहाऱ्याबरोबर परीक्षाही हवी. ‘केयुनिट’ या पर्यायानें गाभ्याच्या लहान लहान भागांना आधीं ठरविलेले प्रश्न विचारून उत्तरें ताडून पाहतां येतात. ‘फॉल्ट इंजेक्शन’ या पर्यायानें स्मृति शिल्लक असतांही ती नाहीं असें मुद्दाम सांगतां येतें, व संकटकाळीं गाभा कसा वागतो तें शांततेच्या काळांत पाहून घेतां येतें. ‘केकोव्ह’ हा पर्याय गाभ्याच्या कोणत्या भागापर्यंत परीक्षा पोंचली याची नोंद ठेवतो. तिच्या आधारें गूगलमधील दिमित्री व्युकोव्ह यांनीं आरंभिलेलें ‘सिझकॉलर’ हें साधन गाभ्याला यदृच्छेनें चित्रविचित्र मागण्या करतें, आणि ज्या मागणीनें नवें दालन उघडलें तिच्यांत आणखी फेरफार करून पुढें जातें. २०१७ पासून हें काम यंत्रांकडून अखंड चालूं आहे व त्यांतून हजारों दोष उघडकीस आलेले आहेत.

साधनांच्या या वाढीविषयीं जाणत्यांत मतभेदही झाले. गाभ्याला मध्येंच थांबवून त्याच्या आंत डोकावणारें साधन मूळ लिखाणांत घेण्यास टोरवाल्ड्स यांनीं २००० सालीं विरोध केला. असें साधन हातीं आलें कीं माणूस दोषाचें मूळ शोधण्याऐवजीं लक्षणावर मलमपट्टी करूं लागतो, असा त्यांचा आशय होता. पुढें २००८ सालीं ‘केजीडीबी’ हें त्या जातीचें साधन गाभ्यांत आलेंच. तरीही त्या आक्षेपांतील तथ्य कमी होत नाहीं. पहारेकरी चोर दाखवितो. चोरी कां झाली हें माणसालाच शोधावें लागतें.

ज्या जिज्ञासूंना हा प्रयोग घरीं करावयाचा असेल त्यांनीं कांहीं पथ्यें पाळावीं. रोजच्या यंत्रावर प्रयोग न करतां ‘क्यूएमू’सारख्या आज्ञावलीनें यंत्रांतच दुसरें लटकें यंत्र उभें करावें, म्हणजे तें कोसळलें तरी घरचे कागदपत्र शाबूत राहतात. आधीं चालत असलेल्या गाभ्याचीच उत्तरांची फाइल घ्यावी व तींत साक्षीचे पर्याय जोडावे. मग स्मृतीचे आणि कुलपांचे. सगळे एकदम घेतले तर यंत्र कशानें मंदावलें हेंच कळेनासें होतें. दोष सांपडल्यास अहवालाबरोबर ती फाइल अवश्य पाठवावी, कारण उत्तरें निराळीं असलीं तर दुसऱ्याच्या यंत्रावर तो दोष दिसेलच असें नाहीं. ज्या भागावर आपण काम केलें तो ‘होय’, ‘नाहीं’ आणि ‘सुटा भाग’ अशा तिन्ही उत्तरांनीं घडवून पाहावा, अशी लिनक्सच्या चालकांचीही अपेक्षा असते.

शिंपी कपडा बेतल्यावर प्रथम कच्चे टांके घालतो, अंगावर चढवून पाहतो, आणि पक्की शिवण झाल्यावर ते टांके उसवून टाकतो. अंगांत घातलेल्या कपड्यावर त्यांची खूणही राहत नाहीं. फोन हातीं घेणाऱ्यालाही लॉकडेपचें किंवा केसॅनचें नांव कधीं दिसणार नाहीं. परंतु त्या फोनवरून पैसे पाठवितांना, आजाऱ्यासाठीं वैद्याला हांक मारतांना गाभा मध्येंच कोसळला नाहीं, तर त्याचें कांहीं श्रेय कोठें तरी मंद चालीनें रखडत परीक्षा दिलेल्या त्या दुसऱ्या गाभ्यालाही द्यावें लागेल.