अकरावीचा शेवटचा वर्ग

शाळेचा शेवटचा वर्ग निरोप घेऊ लागला म्हणजे काय काय घडते, हे आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. फळ्यावर रंगीत खडूने वेलबुट्टी काढली जाते, मुख्याध्यापक अध्यक्षस्थानी बसतात, दोनचार मुले पाठ केलेली भाषणे म्हणून दाखवितात आणि मध्येच एखाद्याचा कंठ दाटून येतो. मग पोहे, चहा, आणि शेवटी पायऱ्यांवर रांगा लावून काढलेले छायाचित्र. पुढे जन्मभर 'आमचा वर्ग' म्हणून आपण जो आठवितो, तो बहुधा या छायाचित्रातला असतो. माझेही तसेच होते. त्या छायाचित्रात नसलेल्यांचा विचार करावयास मला पन्नास वर्षे लागली, हे प्रारंभीच कबूल करतो. वर्ग म्हणून नेमके कोणास मोजावयाचे, एवढाच आजचा विषय आहे.

आमचा वर्ग धाराशिव जिल्ह्यातला. त्या वेळच्या भाषेत उस्मानाबाद जिल्ह्यातला. १९८२ पर्यंत लातूरही याच जिल्ह्यात मोडत असे, त्यामुळे जिल्हा बराच मोठा होता. शाळा मात्र लहान. बालाघाटच्या डोंगरावरील एका मोठ्या खेड्यात ती भरे आणि भोवतालच्या वाड्यांवरून मुले पायी येत. १९७५ च्या मार्चात आम्ही शालान्त परीक्षेस बसलो. त्या साली एक मौज झाली होती. महाराष्ट्रात जुनी अकरावीची पद्धत जाऊन दहावीची नवी पद्धत येत होती. त्यामुळे जुन्या क्रमाची अकरावी आणि नव्या क्रमाची दहावी असे दोन वर्ग एकाच वर्षी शाळेबाहेर पडले. अकरावीला निरोप दहावीने द्यावयाचा, ही आमच्या शाळेची रीत. पण त्या वर्षी दहावी स्वतःच निरोप घेण्यास उभी! तेव्हा आम्हां थोराड मुलांना निरोप देण्याचे काम नववीतल्या पोरांवर आले, आणि त्यांनी पोहे इतके तिखट केले की पुष्कळांचे डोळे त्यामुळेच ओले झाले असावेत. लोकांच्या तोंडी मात्र आम्ही 'मॅट्रिक' झालो. तीच माझी पदवी. पुढे शिक्षकाचे प्रशिक्षण घेऊन मी प्राथमिक शाळेत मास्तर झालो आणि त्याच जिल्ह्यात निवृत्त झालो.

माझ्या वडिलांच्या पिढीला निरोपसमारंभाची असली चैन नव्हती. जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि माध्यमिक शिक्षण उर्दूतून चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. घरी मराठी बोलणारा मुलगा शाळेत भूमितीचे सिद्धांत उर्दूत घोकीत असे. मराठीतून आणि राष्ट्रीय वृत्तीचे शिक्षण देणारी हिप्परग्याची शाळा १९२१ मध्ये निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ या नावाने प्रसिद्धीस आलेले व्यंकटेश खेडगीकर तेथे मुख्याध्यापक होते. पण अशा शाळा किती मुलांच्या वाट्यास येणार? वडील सरकारी शाळेत शिकले. १९४७-४८ च्या रझाकारी धामधुमीत आमचे घर सरहद्द ओलांडून बार्शीकडे गेले. १७ सप्टेंबर १९४८ नंतर मंडळी गावी परतली, तेव्हा वडिलांची शाळा सुटली ती सुटलीच. वर्गातील कोण कोठे गेला, हे त्यांना पुढे कधीच कळले नाही. ते ही गोष्ट सांगत, तेव्हा मला वाटे की तो काळच निराळा होता. आमचा वर्ग तर सुरळीत पार पडला.

सुरळीत म्हणावयाचे तर १९७२ चे वर्ष विसरावे लागते. त्या जूनमध्ये आम्ही नववीत गेलो. आदल्या वर्षीचा पाऊस बेताचा होता आणि त्या वर्षी तर तो आलाच नाही. दिवाळीपर्यंत विहिरी आटल्या, गुरे बाजारात मातीमोलाने जाऊ लागली आणि सरकारने दुष्काळी कामे काढली. शहरातील श्रोत्यांसाठी सांगतो. या कामांत रस्ते होते, नालाबांध होते आणि पाझर तलाव होते. पाझर तलाव म्हणजे ओढ्यास आडवा मातीचा बांध घालून अडविलेले पाणी. ते पाटाने शेतास द्यावयाचे नसते. जमिनीत मुरून खालच्या विहिरींस पाझर फुटावा, एवढाच त्याचा हेतू. माणसे माती वाहत, खडी फोडीत. खायला अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी असे आणि कामावर सुकडी वाटली जाई. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. या अनुभवातूनच रोजगार हमीची योजना वाढीस लागली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला.

त्या ५० लाखांत माझ्या बाकावरचा सोबतीही होता. गणितात वर्गात पहिला. त्याचे नाव सांगत नाही; त्यास ते आवडणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत तो आईबरोबर तलावाच्या कामावर गेला आणि सुट्टी संपली तरी आला नाही. एका रविवारी मी त्यास पाहावयास गेलो. तो खडीच्या ढिगापाशी उभा राहून काठीने जमिनीवर आकडे मांडीत होता. खडीची मजुरी ढिगाच्या मापावर ठरे, आणि लांबी, रुंदी व उंची यांच्या गुणाकारावरून घनफळ काढणे आम्ही आठवीत शिकलो होतो. बाया आपापल्या ढिगाचा हिशेब त्याच्याकडून करवून घेत, म्हणजे पगाराच्या दिवशी आकडा ऐकून फसगत होऊ नये. मी त्यास विचारले, "शाळेत कधी येणार?" तो म्हणाला, "पाऊस पडल्यावर." १९७३ चा पाऊस चांगला पडला. काही मुले परत आली; तो आला नाही. घरची बैलजोडी विकली गेली होती आणि त्याने दुसऱ्याच्या शेतावर सालगडी म्हणून राहण्याचे कबूल केले होते.

अकरावीच्या छायाचित्रात आम्ही ३१ जण आहोत. गेल्या वर्षी, वर्ग सुटल्यास पन्नास वर्षे झाली म्हणून मेळावा भरविण्याचे ठरले, तेव्हा हेच छायाचित्र मोठे करून लावावे अशी सूचना आली. आता सगळ्यांच्या हाती मोबाईल आहेत. ३१ पैकी हयात असलेल्यांचा पत्ता लागण्यास दोन दिवस पुरले. कोणी वकील, कोणी बँकेतला, तिघे मास्तर. मी सहज म्हटले की, आठवीतली यादी मिळाली तर पाहू या. शाळेतले हजेरीपट काही वर्षांनी मोडीत काढतात, पण जनरल रजिस्टर नावाची जाड वही कायमची जपावी लागते. मुलगा दाखल केव्हा झाला, गेला केव्हा आणि कशासाठी, हे तीत लिहिलेले असते. आठवीत आम्ही ५३ होतो. २२ जण मध्येच गळाले आणि त्यांत सातपैकी पाच मुली. शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात बहुतेकांपुढे एकच शेरा होता : 'सतत गैरहजर.' दुष्काळ हा शब्द त्या पानावर कोठेही नाही. मी स्वतः मास्तर. असे शेरे मीही लिहिले आहेत, आणि लिहिताना हात थबकल्याचे मला स्मरत नाही.

माझ्या नोकरीत ते शेरे पडत ते दिवाळीनंतर. भूम, वाशी, कळंबकडील पुष्कळ कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती चैत्राच्या सुमारास परततात. नवराबायकोच्या जोडीस तेथे 'एक कोयता' म्हणतात. मुलीचे लग्न लवकर उरकले की एक कोयता वाढतो, हे गणित कोणत्याही पुस्तकात नसले तरी गावात सर्वांस येते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याने आठवी पुरी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, आणि मागे राहणाऱ्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहेही चालविली जातात. हे चांगलेच झाले. परंतु कायद्याचे छत्र चौदाव्या वर्षी संपते, आणि ज्या वर्गाचा निरोपसमारंभ होतो तो वर्ग बसतो त्याच्या पुढे, नववी-दहावीत. तेथे आजही रकाना आहे आणि शेराही आहे.

मेळाव्यास आम्ही ५३ जणांना बोलावण्याचे ठरविले. शोधास तीन महिने लागले. १४ जण वारल्याचे कळले, सहांचा ठावठिकाणा लागला नाही, आणि उरलेल्यांतले २७ आले. आमच्या वेळच्या गुरुजनांपैकी कोणी येण्यासारखे नव्हते, म्हणून हजेरी घेण्याचे काम मजकडे आले. आठवीच्या क्रमाने नावे वाचली. माझ्या सोबत्याचा क्रमांक १७. तो धोतर नेसून, जुन्या सवयीने भिंतीकडच्या बाजूस बसला होता. नंतर चहाच्या वेळी त्याने विचारले, "वहीत माझ्या म्होरं काय लिव्हलंय?" मी सांगावे की न सांगावे या विचारात पडलो, शेवटी सांगितले.

तो मोठ्याने हसला. "गैरहजर कसा म्हन्तूस मास्तर? तळ्यावर रोज हजर हुतो की!"

ते तळे गावापासून दोन मैलांवर आहे. सायंकाळी आम्ही सगळे तिकडे गेलो. बांधावर बाभळी वाढल्या आहेत आणि गाळ पुष्कळ साचला आहे; पण पाणी होते. बांधाची लांबी किती असावी यावर वकील आणि बँकवाले यांच्यात वाद लागला, तो क्रमांक १७ ने पावले टाकून मिटविला.