मक्याच्या मुलखातलं लेखकांचं गाव

शिकागोहून पश्चिमेकडे निघालं की साडेतीन-चार तासांत आयोवा सिटी येतं. वाटेत दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल तिथवर मका आणि सोयाबीन. अशा मुलखातल्या जेमतेम पाऊण लाख वस्तीच्या या गावाला २००८ साली युनेस्कोने ‘साहित्यनगरी’ म्हणून गौरवलं. त्याआधी हा मान फक्त एडिनबरा आणि मेलबर्नला मिळाला होता! हे घडलं कसं, या कुतूहलापोटी आम्ही नवरा-बायको एका शनिवार-रविवारी तिथे जाऊन पोहोचलो.

सगळ्याच्या मुळाशी आहे इथल्या विद्यापीठाचा एक धाडसी निर्णय. कवितेवर प्रबंध लिहिला तर पदवी, पण कविता लिहिली तर काहीच नाही, अशीच तेव्हा सगळीकडे रीत होती. १९२२ मध्ये कार्ल सीशोर या अधिष्ठात्याने जाहीर केलं की उच्च पदवीसाठी कविता-कथासुद्धा चालतील. हा माणूस होता मानसशास्त्राचा! त्यातूनच पुढे १९३६ मध्ये ‘आयोवा रायटर्स वर्कशॉप’ उभं राहिलं. महायुद्धानंतर विद्यार्थी वाढले, तेव्हा नदीकाठच्या लष्करी पत्र्याच्या बराकींत वर्ग भरायचे. शिकवण्याची पद्धत साधी, पण छाती दडपवणारी. तुमची कथा सगळ्यांनी आधीच वाचलेली असते; सगळे तिची चिरफाड करतात आणि तुम्ही गप्प बसून ऐकायचं.

इथेच एक मुलगी तेव्हाचे संचालक पॉल एंगल यांना भेटायला आली. तिचे जॉर्जियाकडचे हेल त्यांना कळेचनात. शेवटी त्यांनी वही पुढे केली आणि तिने आपलं नाव आणि वर्कशॉपमध्ये येण्याची इच्छा लिहून दाखवली. ती फ्लॅनरी ओ’कॉनर. अमेरिकन कथेतलं केवढं मोठं नाव!

आम्हाला सर्वांत भावली ती मात्र एका जोडप्याची करामत. एंगल हे आयोवातल्याच घोड्यांच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव; हुआलिंग निये या चीनमध्ये जन्मलेल्या, तैवानहून आलेल्या कादंबरीकार. जगभरच्या लेखकांना इथे बोलवावं, ही कल्पना हुआलिंग यांची. १९६७ मध्ये दोघांनी आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम सुरू केला, पुढे लग्नही केलं. ओरहान पामुक १९८५ मध्ये इथे राहून गेले, मो यान २००४ मध्ये. दोघांना नोबेल नंतर मिळालं. आणि १९७५ ते ७७ या काळात इथे होते आपले दिलीप चित्रे! हे आठवलं आणि परक्या गावातले रस्ते एकदम ओळखीचे वाटू लागले.

त्यातला आयोवा अव्हेन्यू तर खाली बघतच चालावा असा. आयोवाशी नातं असलेल्या लेखकांच्या ओळी कोरलेले ब्राँझचे फलक फुटपाथमध्येच बसवलेत. एका फलकापाशी वाकून वाचताना मागून येणारे लोक सवयीने वळसा घालून जात होते. तिथून जवळच ‘प्रेअरी लाइट्स’ हे १९७८ पासूनचं पुस्तकांचं दुकान. वर कॅफे आहे. दुपारी आत शिरलो ते अंधार पडल्यावरच बाहेर आलो.

जायचं तर शरद ऋतूत जा. तेव्हा देशोदेशीचे लेखक गावात मुक्कामाला असतात आणि याच दुकानात आपलं लेखन वाचून दाखवतात. वाचन सर्वांना खुलं असतं, तिकीट नाही.