मोटारीच्या वेगस्थिरकातील विद्युत्-दोषांचे निदान

मोटारीचा वेग चालकाने ठरविलेल्या अंकावर आपोआप स्थिर राखणाऱ्या यंत्रणेस ‘क्रूझ कंट्रोल’ अथवा वेगस्थिरक म्हणतात. राल्फ टीटर या अंध अमेरिकन अभियंत्यास तिचे एकस्व १९५० साली मिळाले व १९५८ सालच्या क्रायस्लर गाड्यांतून ती प्रथम विक्रीस आली. पुढे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आले आणि बहुतेक दोषांचे स्वरूप विद्युतीय झाले.

दिवा किंवा भोंगा बंद पडला, तर त्याच्या मंडलात कोठेतरी खंड पडला, एवढे अनुमान सहसा पुरते. वेगस्थिरक मात्र अनेक अटी एकाच वेळी पूर्ण झाल्या तरच कार्य करतो. वेग किमान मर्यादेहून अधिक असावा, वेगसंवेदकाचे स्पंद अखंड यावेत, ब्रेक किंवा क्लच दाबलेला नसावा. यांपैकी एकीविषयीही शंका आली, की नियंत्रक कार्यास नकार देतो. हा नकार सुरक्षिततेसाठी मुद्दाम योजलेला असतो. म्हणून ‘काय बिघडले?’ याआधी ‘कोणती अट अपुरी राहिली?’ हा प्रश्न विचारणे श्रेयस्कर होय.

ब्रेकच्या दिव्यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. काही जुन्या अमेरिकन गाड्यांत नियंत्रकाची एक तार मागील ब्रेक-दिव्यांच्या मंडलास जोडलेली असते. ब्रेक मोकळा असताना ही तार दिव्याच्या थंड तंतूमार्फत गाडीच्या सांगाड्याशी, म्हणजे ऋण अग्राशी, जोडलेली राहते. ब्रेक दाबताच तिच्यावर १२ व्होल्ट येतात. सर्व दिवे जळाले, तर हा मार्ग तुटतो व वेगस्थिरक चालू होत नाही. तंतूच्या दिव्यांऐवजी एलईडी दिवे बसविल्यासही असेच घडू शकते. कारण अल्प विभवाला त्यांतून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही.

दुसरी फसगत मापनात होते. थ्रॉटल ओढणाऱ्या निर्वात-यंत्राच्या झडपेचे वेटोळे ३० ओहम रोधाचे असून वाटेतील एका गंजलेल्या जोडाचा रोधही ३० ओहम झाला आहे, असे समजू. वेटोळे सोडवून त्या जागी १ कोटी ओहम अंतर्गत रोधाचा व्होल्टमापक लावल्यास जोडावरील विभवपात नगण्य राहतो व मापक पुरे १२ व्होल्ट दाखवितो. वेटोळे जोडताच प्रवाह ०·४ ऐवजी ०·२ अँपिअर होतो आणि वेटोळ्यास केवळ ६ व्होल्ट मिळतात. यास्तव भार जोडलेला ठेवूनच विभवपात मोजला पाहिजे.

तपासणीत ब्रेकच्या स्विचला तारेने वळसा देऊन यंत्रणा चालू करण्याचा मोह होतो. तसे केल्यास ब्रेक दाबल्यावर यंत्रणा सुटण्याचा एक मार्गच नाहीसा होतो. हा स्विच स्वतःही निर्दोष असेलच असे नाही. फोर्ड कंपनीच्या अनेक गाड्यांत ब्रेकच्या द्रवदाबावर चालणारा असा एक स्विच गाडी बंद असतानाही विद्युत्-पुरवठ्यास जोडलेला राही. द्रव त्याच्या विद्युत्-भागात झिरपून आगी लागल्या, आणि १९९९ ते २००९ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. अनेक गाड्यांत उपाय म्हणून वितळतार असलेली जोडणी बसविण्यात आली.

तात्पर्य, दुरुस्तीनंतर वेगस्थिरक चालू होतो हे पाहून निदान पूर्ण होत नाही. ब्रेक दाबताच तो निरपवादपणे सुटतो, ही खात्री झाल्यावरच ते पूर्ण मानावे.