तात्पुरतं घर

मैत्रिणींनो, "सध्या इथंच राहू दे, मग बघू" म्हणून कोपऱ्यात ठेवलेला डबा दहा वर्षं तिथंच राहतो, हा आपणा सर्वांचाच अनुभव! पण अख्खं गावच असं राहून गेलं तर?

कल्याणजवळचं उल्हासनगर असंच वसलं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी इथं बराकी बांधल्या होत्या. १९४७ साली फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्यांतच आसरा मिळाला. लांबलचक बराक, मध्ये आडोसे घालून एकेक बिऱ्हाड. १९४९ साली छावणीला उल्हास नदीवरून नाव मिळालं. तरी आजही पत्ता विचारा, "कॅम्प नंबर तीन" असंच सांगतील.

आमच्या शेजारच्या आजींचं बालपण तिथलंच. त्यांच्या आईनं कित्येक वर्षं ट्रंक पुरती उघडलीच नाही. परत जायचंय ना! शेवटी थोरल्या लेकीच्या लग्नाचं सामान भरायला ती रिकामी केली, तेव्हा कुठं ते घर त्यांचं झालं.

मन रुळतं, कागद मात्र मागे राहतात. तिथली अनधिकृत बांधकामं नियमित करायला २००६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला.

म्हणून सांगते, घर संक्रमण शिबिरातलं असो की भाड्याचं, ताबापत्र, पावत्या जपून ठेवा. त्यांवर आपलंही नाव घालून घ्या. आणि दारातली तुळस? ती मात्र "मग बघू" म्हणून ठेवू नका, पहिल्याच दिवशी लावा!