साडेचार फुटांची जास्तीची पट्टी

ऑगस्ट 2016. रिओ ऑलिंपिकच्या टेनिस कोर्टवर सानिया मिर्झाच्या शेजारी उभी असलेली मुलगी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची होती. प्रार्थना ठोंबरे. समोर चीनच्या पेंग शुआई आणि झांग शुआई. पहिला सेट टायब्रेकमध्ये गेला, दुसरा आपल्या जोडीने 7-5 असा खेचून आणला आणि तिसरा त्याच आकड्याने हातातून निसटला. सामना पहिल्याच फेरीतला, त्यामुळे आपल्याकडे तो लगेच विसरलाही गेला. सानिया तेव्हा दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत अव्वल होती. अशा खेळाडूच्या बरोबरीने अडीच तासांहून जास्त वेळ झुंजणं ही साधी गोष्ट नव्हे. त्याआधी 2014 साली इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत याच जोडीने कांस्यपदक मिळवलं होतं.

प्रार्थनाची ओळख दुहेरीची खेळाडू म्हणून आहे, आणि हे सांगताना आवाज खाली आणायचं काहीच कारण नाही. टेनिस म्हणजे एकेरी आणि ज्याला ते झेपत नाही त्याने दुहेरीकडे वळावं, ही समजूत आपल्या क्लबांमध्येही घट्ट बसलेली आहे. ती चुकीची आहे. दुहेरीचं कोर्ट वेगळं, हिशेब वेगळा आणि लागणारं कौशल्यही वेगळं.

हा वेगळेपणा जवळून पाहायचा तर विम्बल्डनपेक्षा सोलापूरसारख्या ठिकाणी भरणारी स्पर्धा बरी. सोलापुरात महिलांच्या 25 हजार डॉलर बक्षिसाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाल्या आहेत. या पातळीवर दुहेरीच्या ड्रॉमध्ये साधारण सोळा जोड्या असतात, म्हणजे चार सामने जिंकले की विजेतेपद. प्रवेश दोघींच्या क्रमवारीची बेरीज करून मिळतो. म्हणून स्पर्धेआधीचे दिवस जोडीदार शोधण्यात जातात. तुझा नंबर किती, माझा किती, दोघींचे मिळून ड्रॉमध्ये बसतील का, ही चौकशी फोनवर चालू असते. कधी ठाण्याची मुलगी थायलंडच्या मुलीबरोबर उतरते आणि सरावाच्या अर्ध्या तासात एकमेकींची सर्व्हिस ओळखून घेते.

पैशाचं गणित मात्र बोचणारं आहे. क्रमवारीचे गुण एकेरीच्या आणि दुहेरीच्या विजेत्यांना सारखेच. बक्षीस तसं नाही. 25 हजारांच्या स्पर्धेत दुहेरीच्या विजेत्या जोडीला दीड हजार डॉलरच्या आसपास मिळायचे, तेही दोघींत वाटून. विमानाचं तिकीट, रॅकेटचं गटिंग, फिजिओ, प्रशिक्षक हे सगळं त्यातून भागत नाही. केवळ दुहेरीवर वर्षानुवर्षं टिकणाऱ्या खेळाडूबद्दल मला म्हणूनच मनापासून आदर वाटतो.

आता कोर्टकडे बघू. एकेरीचं कोर्ट 27 फूट रुंद, दुहेरीचं 36. दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार फुटांच्या पट्ट्या वाढतात. सर्व्हिसची चौकट मात्र तेवढीच राहते. सर्व्हिस करणारी मागच्या रेषेवर आणि तिची जोडीदार नेटजवळ. नेटजवळची ही खेळाडू पाठ आपल्या जोडीदाराकडे करून उभी असते आणि एक हात कमरेमागे नेते. त्या हाताकडे बघा. बऱ्याच जोड्यांत मूठ मिटलेली म्हणजे मी जागेवरच आहे, तळवा उघडा म्हणजे मी चेंडू अडवायला आडवी धावणार, मागची बाजू तू सांभाळ. सर्व्हिस कुठे टाकायची हेही बोटांनीच ठरतं. परतीचा फटका मारणारीला ती हालचाल आधी कळली तर चेंडू सरळ त्या साडेचार फुटांच्या पट्टीतून निघून जातो. क्षणभर उशिरा कळली तर व्हॉली पायाशी येऊन आदळते. अशा वेळी जोरापेक्षा जागेची जाण उपयोगी पडते. म्हणूनच चाळिशी ओलांडलेला रोहन बोपण्णा ग्रँड स्लॅम जिंकू शकला.

नियमांनी या खेळाला आणखी धार आणली आहे. व्यावसायिक दौऱ्यावरच्या बहुतेक स्पर्धांत दुहेरीला ड्यूसची लांबण नाही. 40-40 झालं की एकच निर्णायक गुण, आणि सर्व्हिस कोणत्या बाजूने घ्यायची ते परतवणारी जोडी ठरवते. सेट 1-1 झाले तर तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक, दोन गुणांच्या आघाडीने जिंकायचा. दीड तासाचं कष्टाचं काम दहा मिनिटांत पुसलं जाऊ शकतं. काही जाणकारांना हे अन्यायाचं वाटतं. माझं मत वेगळं आहे. निर्णायक क्षणी दोघांनी एकच विचार करणं हीच जर दुहेरीची परीक्षा असेल, तर ती इथे सर्वांत खरी होते.

त्या दहा गुणांनी मराठी खेळाडूंना बरंच काही दिलं आहे. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले आणि बोपण्णा यांनी 30 सप्टेंबर 2023 रोजी हांगझोऊ आशियाई स्पर्धेच्या मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात चिनी तैपेईच्या जोडीविरुद्ध पहिला सेट 2-6 असा गमावला, दुसरा 6-3 असा घेतला आणि टायब्रेक 10-4 असा मारून सुवर्णपदक मिळवलं. पुण्याच्या अर्जुन कढेने ऋत्विक बोलिपल्लीच्या साथीने ऑक्टोबर 2024 मध्ये अल्माटीत एटीपी दौऱ्यावरचं विजेतेपद जिंकलं, तेही टायब्रेकच्या बळावर.

सांघिक स्पर्धेत तर दुहेरीवाचून भागतच नाही. बिली जीन किंग कपच्या लढतीत एकेरीचे दोन सामने आणि दुहेरीचा एक. 1-1 झालं की सगळा भार दुहेरीवर. एप्रिल 2025 मध्ये पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीला आशिया-ओशनिया गटाच्या लढती झाल्या, तेव्हा भारताच्या दुहेरीच्या जोडीत अंकिता रैनाबरोबर प्रार्थना होती. भारत दुसरा आला आणि प्ले-ऑफला पात्र ठरला. त्याआधी दोन महिने, मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर, नेदरलँड्सच्या आरियाने हार्टोनोच्या साथीने प्रार्थना डब्ल्यूटीए 125 दर्जाच्या स्पर्धेची अंतिम फेरी खेळली आणि निर्णायक टायब्रेकमध्ये हरली. रिओनंतर साडेआठ वर्षांनी!

सोलापूर परिसरातल्या प्रशिक्षकांना एकच सुचवावंसं वाटतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून दोन दिवस तरी जोडीने खेळवा. नेटजवळ उभं राहायला शिकवा, परतीचा फटका खाली ठेवायला शिकवा, जोडीदाराची चूक झाली तर तोंड न पाडता पुढच्या गुणाकडे वळायला शिकवा. आणि पुढच्या वेळी शहरात अशी स्पर्धा लागली, की एकेरीचा सामना संपल्यावर त्यांना घेऊन तिथेच थांबा. शेजारच्या कोर्टवर दुहेरीची जोडी उतरत असेल.