जुने घर घेताय? आधी भिंतीला हात लावून पाहा

‘घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. पण दुसऱ्याने बांधलेले आणि वर्षानुवर्षे बंद असलेले घर घेऊन पाहावे, असे कोणी म्हणून ठेवलेले नाही. आपल्या शिराळ्यात मात्र बरीच तरुण कुटुंबे नेमके तेच करताना दिसतात. कारण उघड आहे. प्लॉट घेऊन नवे बांधायचे तर सारी पुंजी जमिनीतच जाते. उलट गावठाणात जुनी घरे कुलूप लावून उभी आहेत. आपल्या तालुक्यातून मुंबईला गिरणीत आणि माथाडी कामाला गेलेली माणसे पुष्कळ. १९८२ च्या गिरणी संपानंतर काही जण परतले, पण अनेकांची मुलेबाळे तिकडेच रुजली. त्यांची ही घरे परवडणाऱ्या किमतीत मिळतात.

हिस्सेदारांच्या सह्या, मिळकतीचा उतारा, कर्ज हे सारे वकील आणि बँक पाहतील. मी डॉक्टर म्हणून वेगळे सांगणार आहे. असे घर घेतल्यावर पहिल्या पावसाळ्यातच त्या कुटुंबाच्या दवाखान्यातल्या फेऱ्या वाढतात, असा माझा अनुभव आहे. हे बरेचसे टाळता येते. त्यासाठी दुरुस्तीचा पैसा आधी ओल, भिंती, बिळे, वायरिंग आणि संडास यांवर घालावा. फरशी आणि रंग शेवटी.

ओल

एका तरुण जोडप्याने असेच घर घेतले. दिवाळीत राहायला गेले. पुढच्या खोलीला चकचकीत फरशी, भिंतींना ऑइल पेंट. मृगाचा पाऊस सुरू झाला आणि त्यांची चार वर्षांची मुलगी रात्री खोकू लागली. छातीत घरघर. औषधाने उतार पडे, आठवड्याने पुन्हा तेच. मी आईला विचारले, “मुलगी झोपते कुठे?” “आतल्या खोलीत डॉक्टर, कपाटाला लागून.” मी घरी जाऊन कपाट सरकवायला लावले. मागे कमरेइतक्या उंचीचा काळ्या बुरशीचा पट्टा होता.

भिंत मातीची, तिला बाहेरून सिमेंटचा गिलावा. गल्लीचा रस्ता दर वेळी नव्या थराने उंच होत गेलेला, त्यामुळे घराचे जोते रस्त्याखाली गेलेले. पावळीचे पाणी थेट भिंतीच्या पायथ्याशी मुरत होते. मातीची भिंत पाणी शोषते आणि वाऱ्याने वाळतेही. सिमेंटने तिचे तोंड बंद केले की ओल आत कोंडते. त्यांनी पन्हळ लावून पाणी दूर काढले, खालचा तीन फूट सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा केला आणि मुलीचा पलंग दुसरीकडे हलवला. दम्याची प्रवृत्ती तिला आहेच, पंपही जवळ ठेवावा लागतो. पण पुढच्या पावसाळ्यात रात्रीची जाग थांबली.

म्हणून घर शक्यतो पावसाळ्यात पाहा. उन्हाळ्यात सगळीच घरे कोरडी असतात. भिंतीला हात लावा, कपाटामागे पाहा, कुबट वास येतो का ते पाहा. लोणा लागलेली, पोपडे सुटलेली भिंत नव्या रंगाखाली लपते, बरी होत नाही. उजेड-वाराही मोजा. खिडक्यांचे क्षेत्रफळ जमिनीच्या निदान एक दशांश असावे. दहा बाय बाराच्या खोलीला दोन बाय तीन फुटांच्या दोन खिडक्या हव्यात.

भिंत आणि छप्पर

११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जुन्या माणसांना आठवतो. चांदोली परिसरातही अधूनमधून धक्के जाणवतात. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत हजारो माणसे गेली, ती बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीचे जड छप्पर अंगावर कोसळून. तेव्हा पोट सुटलेली भिंत, कोपऱ्यातली भेग, वाळवी लागलेले वासे माहीतगार इंजिनिअरला दाखवा. खोली मोठी करण्यासाठी मधली भिंत त्याला विचारल्याशिवाय पाडू नका. मातीच्या भिंतीवर स्लॅब तर मुळीच टाकू नका.

दुरुस्तीची धूळ

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमच्या वर नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासला की ती धूळ मुलांच्या पोटात जाते आणि मेंदूच्या वाढीला बाधते. रंग ओला करून खरवडा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. ते कोरडे कापू किंवा फोडू नका, त्याचे तंतू फुप्फुसात कायमचे रुततात. हे काम चालू असताना लहान मुले आणि गरोदर बाई यांना त्या घरात ठेवू नका. महिनाभर माहेरी पाठवा.

बिळे

नागपंचमीमुळे आपले गाव सर्वदूर माहीत आहे. पण पूजेचा नाग वेगळा आणि अंथरुणाजवळचा वेगळा. बंद घरात घुशी जोते पोखरतात, उंदरांमागे साप येतात. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंशाच्या जागी सूज-वेदना फारशी नसते. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, आणि घरचे अपचन समजून ओवा देतात. राहायला जाण्याआधी बिळे बुजवा, मोरीच्या तोंडाला जाळी बसवा, परड्यातला दगड-लाकडांचा ढीग हलवा. पलंगावर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा. दंशाची शंका आली तरी आवळून बांधणे, कापणे, चोखणे नको. हात-पाय न हलवता तडक सरकारी रुग्णालय गाठा. प्रतिविष तिथेच मिळते.

वीज, पाणी, संडास

लाकडी पट्टीवरचे जुने वायरिंग आणि ओली भिंत एकत्र आली की बटणाला लावलेला हात शेवटचा ठरू शकतो. वायरिंग नवे करा, अर्थिंग तपासा आणि ३० मिलिअँपिअरचा गळती-विद्युत रोधक बसवा. एका चांगल्या पंख्याच्या आसपास त्याची किंमत असते.

परड्यात आड असेल तर संडासाचा शोषखड्डा त्यापासून निदान ५० फूट लांब हवा. गावठाणात एवढी जागा नसते. मग आडाचे पाणी धुण्याभांड्यालाच वापरा, पिण्यासाठी नळाचे घ्या. संडासाच्या वायुनळीला जाळी बांधा. टाक्या झाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा कोरड्या करा, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण तेवढेच दिवस पुरतात.

पाहुणे घर बघायला येतील तेव्हा फरशीचा भाव विचारतील, भिंतीची ओल कोणी विचारणार नाही. ती तुम्ही विचारा, इसार देण्याआधी. दुरुस्तीचा अंदाज काढून तो किमतीतून कमी करून मागा. तेवढा हक्क घेणाऱ्याला असतो. फरशी पुढच्या दिवाळीला बसवली तरी चालते. कोरडी भिंत मात्र पहिल्या पावसाआधीच हवी.